काळा-पांढरा दोरा

२ सप्टेंबर, सोमवार

आज कामावर परत गेले. आठ महिने घरात होते. दुधाच्या कारखान्याच्या फाटकातून आत शिरताना तोच आंबूस वास आला आणि मला चक्क बरं वाटलं.

राइसा पेत्रोव्ना, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई, मिठी वगैरे मारणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी हातात लॅक्टोमीटर दिला आणि म्हणाल्या, "आक-सू गावची दुधाची गाडी कधीची उभी आहे, आधी ती बघ." दहा वाजेपर्यंत अकरा गाड्यांचे नमुने झाले. लोकांचं दूध तपासता तपासता माझाच पान्हा फुटला आणि नवा धुतलेला कोट भिजला. बाईंनी एक अक्षर न बोलता बाटल्यांच्या कपाटामागे खुर्ची ठेवली, पडदा लावला. "रोज दहाला आणि एकला इथे बसायचं. कोणी विचारलं तर मी बघून घेईन." त्यांचं भलं होवो.

हे रजिस्टरही त्यांनीच दिलं. जुनं आहे, अर्धं कोरं. "लिहीत जा, बुरुल. माझी दोन पोरं मोठी झाली आणि मला आठवतात ती फक्त त्यांची वाहणारी नाकं." रकाने तसेच आहेत: गाडी, फॅट, लॅक्टोमीटर, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात मावेल तेवढंच लिहायचं असं ठरवलं होतं. ते काही जमलेलं दिसत नाही.

घरी सासूबाई आहेत म्हणून हे चाललंय. तोसोर गावातली आपली गाय शेजारणीच्या भरवशावर सोडून त्या इथे काराकोलला आल्यात. मूर्ती एवढीशी, वरच्या फळीवरचं पीठ काढायला त्यांना स्टूल लागतं, पण थोरली बेर्मेट आणि तान्हा तिलेक, दोन्ही पोरं अशी सांभाळतात की बघत राहावं. संध्याकाळी पोचले तर माझा नान फडक्यात गुंडाळून ठेवलेला, अजून गरम. मी म्हणाले, "आई, तुम्ही होतात म्हणून." तर म्हणाल्या, "बोलू नको, पाज त्याला. आणि तुझं दूध पातळ झालंय, ते तुझं यंत्र लावून बघ एकदा."

८ सप्टेंबर, रविवार

तालाय, माझा नवरा, उद्या वर डोंगरात जाणार. खाणीत पंधरा दिवस वर, पंधरा दिवस घरी, असंच त्याचं चालतं. म्हणून त्याची काकू भेटायला आली होती. तिसरा पेला संपवून म्हणाली, "मग सायराकान, बेर्मेटला कधी नेतेस तोसोरला? पहिलं पोर आजीचं."

सासूबाई चहा ओतत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बघू. तिलेकचा दोरा कापून होऊ दे आधी."

काकूचं समाधान झालं, तिने पेला पुन्हा पुढे केला. तालाय तळलेले बोरसोक खात होता, तो खातच राहिला.

म्हणजे तिलेक चालू लागेल, त्याच्या दोन्ही पायांत काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोरा बांधला जाईल, गल्लीतली पोरं शर्यत लावतील, जिंकलेलं पोर सुरीने तो दोरा कापेल म्हणजे तिलेकही तसाच पळावा, सगळे टाळ्या वाजवतील, आणि माझी बेर्मेट जाईल.

मला ही रीत पुरती माहीत आहे. मला आजीनेच वाढवलं. आजी माझी आई होती, आणि सुट्टीत मिठाई घेऊन येणारी एक गोरीपान बाई होती, तिला मी वहिनी म्हणायचे. मी नऊ वर्षांची असताना आजी गेली, मला त्या वहिनीच्या घरी पाठवलं आणि सांगितलं, ही तुझी आई. आजीने मला फुलासारखं जपलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आजही आईला फोन केला की मी तिला काहीच म्हणत नाही. "ऐका ना" म्हणून सुरुवात करते.

१९ सप्टेंबर, गुरुवार

बेर्मेट आज म्हणाली, "बुरुल, पाणी दे."

सासूबाई दिवसभर मला बुरुल म्हणून हाक मारतात, पोरगी तेच उचलणार. आणि त्यांना म्हणते आई. मी हसून पाणी दिलं. मग न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि तोंड धुतलं, बराच वेळ.

माझा निळा स्वेटर सापडत नाही. मऊ झालेला, घरात घालायचा. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "असेल इथेच." त्यांनाच हवा असेल तर घेऊ देत. इतकं करतात माझ्यासाठी, एक स्वेटर काय मोठा.

तिलेक मात्र हल्ली पाळण्यात छान झोपतो. पहिल्या आठवड्यात मी गेले की रडून घर डोक्यावर घ्यायचा म्हणे. आता पाळण्याचे पट्टे बांधले की एका निळ्या फडक्यात नाक खुपसतो आणि दोन तास गप्प. सासूबाईंच्या हाताला गुण आहे.

१ ऑक्टोबर, मंगळवार

कबूल करून टाकते. मला कामावर आवडतं. आज एका म्हाताऱ्याने दुधात पाणी घातलं नाही म्हणून शपथ घेतली आणि लॅक्टोमीटर पार तळाला गेला. राइसा बाई म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या गाईला पोहायला नेता का?" सगळे हसलो, तोही हसला. त्या दोन मिनिटांत मला माझी पोरं आठवली नाहीत. मग आठवली आणि वाटलं, मी कसली आई.

संध्याकाळी नासिपाताईचा फोन होता. तालायची मोठी बहीण, बिश्केकला शाळेत शिकवते. तिला तालायच्या आजीने वाढवलं, म्हणून ती सासूबाईंना वहिनीच म्हणते. "वहिनी, गुडघे कसे आहेत? वहिनी, औषध घेता ना?" आवाज मला इथवर येत होता. म्हणजे या घरातही रीत चालत आलीच आहे, एकदा चालली ती पुन्हा चालेल. फोन ठेवल्यावर सासूबाई बराच वेळ बटाटे सोलत बसल्या. चौघांना पुरतील त्याच्या दुप्पट सोलले.

१२ ऑक्टोबर, शनिवार

तिलेक आज स्टूल धरून उभा राहिला. सासूबाई त्याच्या पायांना रोज चरबी चोळतात, त्याचं फळ. बेर्मेट टाळ्या वाजवत होती, तो गुडघ्यात वाकून खिदळत होता.

मी मनात म्हणाले, बस रे खाली.

१३ ऑक्टोबर

काल लिहिलेलं वाचलं. लाज वाटली. खोडत नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

आता शंकाच नको. सासूबाई गादी शिवताहेत. लाल कापड, आत नवी लोकर, आणि आकार एवढासा. मी विचारलं, "कुणासाठी?" म्हणाल्या, "झोपेल त्याच्यासाठी."

तोसोरच्या शेजारणीला फोनवर सांगत होत्या, "गाय तूच ठेव आता. मला कुठे वेळ होणारे?" बरोबरच आहे. बेर्मेटच्या मागे धावायचं म्हणजे गाय कशी सांभाळणार.

त्या वाईट नाहीत, हेच तर अवघड आहे. वाईट असत्या तर भांडले असते. आज सकाळी पाचला मी निघाले तेव्हा रस्ता बर्फाने निसरडा होता. माझ्या बुटांच्या तळव्यांना त्यांनी आधीच चामड्याचे तुकडे चिकटवून ठेवले होते. कधी केलं कोण जाणे. जी बाई माझे पाय घसरू देत नाही तिलाच कसं सांगू की माझी पोरगी नेऊ नका?

२ नोव्हेंबर, शनिवार

तालाय घरी आहे. त्याला विचारलं, "तू काही बोलणार आहेस की नाही?"

"कशाबद्दल?"

"बेर्मेटबद्दल."

"आईने काही म्हटलंय का?"

"दोरा कापल्यावर बघू म्हणाल्यात. तू तिथेच होतास. बोरसोक खात होतास."

तो डोकं खाजवत म्हणाला, "आई म्हणते ते बरं असतं, बुरुल." आणि बाजूच्या, बटाटे साठवायच्या खोलीत गेला. तिथे तो दोन दिवस लोखंडी शेगडी बसवतोय, खिडकीला नवी काच लावतोय. आईने सांगितलंय म्हणे. बटाट्यांना एवढी ऊब कशाला लागते ते तोच जाणे.

रागाने त्याचा चहा बिनदुधाचा दिला. तो प्यायला आणि छान झालाय म्हणाला. अशा माणसाशी भांडता तरी येतं का.

१० नोव्हेंबर, रविवार

हे कोणालाही सांगणार नाही.

सासूबाई बाजारात गेल्या होत्या, बेर्मेटला घेऊन. मी कणीक मळत होते. तिलेक भिंतीला टेकून उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, भिंत सोडली आणि चालत आला. एक, दोन, तीन पावलं. हात वर, तोंड उघडं, डोळे असे चमकत होते की जणू जग जिंकलंय.

मी पिठाच्या हातांनी त्याला उचललं आणि खाली बसवलं. पुन्हा उठायला लागला, पुन्हा बसवलं. तिसऱ्यांदा तो रडला. मग मी त्याला मांडीवर घेऊन पाजलं, म्हणजे तो विसरेल.

सासूबाईंनी आल्या आल्या त्याच्या पाठीवरचे पिठाचे पंजे बघितले. "काय, काही विशेष?"

"काही नाही."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "बरं," म्हणाल्या आणि टोपलीतून गाजरं काढायला लागल्या.

पहिलं पाऊल माझ्यासमोर टाकलं त्याने. कामावर जाणाऱ्या किती जणींना मिळतं हे? आणि मी त्याचं काय केलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज तिलेक सासूबाईंसमोर चालला. चार पावलं. मी आडवं यायला बघत होते, पण तो माझ्या बाजूने सुटला. त्या म्हणाल्या, "अरे वा, चालला की." आश्चर्य वाटल्यासारखं काही दिसलं नाही. वयामुळे असेल. त्यांनी पाच पोरं आणि सात नातवंडं चालताना पाहिलीत.

मग ट्रंकेतून काळी आणि पांढरी लोकर काढली. दोन्ही तयार होत्या, धुतलेल्या, विंचरलेल्या. मांडीवर वळायला लागल्या. बेर्मेट दोऱ्याचं टोक धरून उभी राहिली.

"पुढचा रविवार," त्या म्हणाल्या. "दुपारी एकला. नासिपा येते म्हणालीये. तालाय उद्या येतोच."

२० नोव्हेंबर, बुधवार

रविवारी प्रयोगशाळेतली दुसरी मुलगी आजारी रजेवर, तिच्या जागी मला बोलावलंय, आणि दूध काही रविवार पाळत नाही. राइसा बाईंना नाही म्हणता आलं असतं. पण ज्या बाईने कपाटामागे खुर्ची ठेवली तिला कोणत्या तोंडाने नाही म्हणू? घरी सांगितलं. वाटलं होतं सासूबाई रागावतील.

"जा," त्या म्हणाल्या. "कामाला नाही म्हणू नये. एकपर्यंत ये."

एवढंच. मी असले काय, नसले काय, त्यांचं काही अडत नसावं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

कपाटामागच्या खुर्चीवर बसून लिहितेय. राइसा बाई म्हणाल्यात, आज सावकाश.

काल सकाळपासून बर्फ पडत होता. गाड्या उशिरा आल्या. शेवटच्या गाडीचा नमुना साडेबाराला हातात आला, आणि त्यात औषध दिलेल्या गाईचं दूध असल्याची खूण दिसली. तपासणी पुन्हा करावी लागली. ते दूध लोकांची पोरं पिणार, तिथे घाई करून कसं चालेल. संपलं तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. राइसा बाईंनी माझा कोट अक्षरशः ओढून काढला. "रजिस्टर मी भरते, पळ."

बस नव्हती. रस्त्यावर बसचं चिन्ह नव्हतं. मी पळाले. डोक्यावरचा रुमाल सुटला, तो हातात धरला. चामडं लावलेले बूट होते म्हणून पडले नाही. मनात एकच, संपलं असेल सगळं. दोरा कापला असेल, बेर्मेटचं बोचकं बांधून झालं असेल, आणि मी लोकांच्या दुधाला बघत बसले.

आमच्या गल्लीत वळले तर कोपऱ्यावर आठ-दहा पोरं रांगेत उभी. नाकं लाल, पाय आपटताहेत. एकजण म्हणाला, "आली, आली." दूर आमच्या फाटकाशी लोक दिसले. मध्ये तिलेक, तालायने काखांना धरून उभा केलेला, आणि शेजारी सासूबाई, हात वर करून, हातात पांढरा रुमाल. मी दिसले आणि त्यांनी रुमाल खाली टाकला.

पोरं सुटली. मी शर्यतीत नव्हते, मला फक्त उशीर झाला होता. पण पाय थांबेनात, म्हणून मी त्यांच्यातूनच पळत सुटले. बेर्मेट फाटकावर चढून ओरडत होती, "बुरुल, पळ!" शेजारची नववीतली लांब पायांची पोरगी पहिली आली. तिचा भाऊ दुसरा. मी तिसरी, आणि गुडघ्यांवर हात ठेवून उभी, धाप लागलेली.

सासूबाईंनी त्या पोरीला बक्षिसाची शाल दिली, डोक्यावरून हात फिरवला. मग सुरी माझ्यापुढे धरली.

काकू म्हणाली, "अगं, ही तिसरी आली. आणि आईने कुठे कापतात दोरा?"

"ती पोरं कोपऱ्यापासून पळाली," सासूबाई म्हणाल्या. "ही कारखान्यापासून पळत आलीये. आणि आजच नाही, सप्टेंबरपासून पळतेय, रोज पहाटे पाचला घर सोडून. तिलेकने कोणासारखं पळावं ते मी ठरवलंय."

"मटण गार झालं अर्धा तास थांबून," काकू पुटपुटली.

"गरम करू," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "माझ्या नासिपाचा दोरा कापला तेव्हा मी कुठे होते, सांगू? झऱ्यावर. सासूने पाणी आणायला पाठवलं होतं. दोन बादल्या घेऊन आले तर ती अंगणात चालत होती. कोणी थांबलं नव्हतं."

नासिपाताई पायातल्या बुटाने बर्फ उकरत होती. अगदी मन लावून उकरत होती.

मी खाली बसले. सुरी दोऱ्याला लावली. काळा पदर, पांढरा पदर, दोन्ही एकदम तुटले. तिलेकने आधी आपल्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि चालत आला. एक, दोन, तीन. ह्या वेळी मी त्याला बसवलं नाही. मी मोठ्यांदा रडले, सगळ्यांसमोर, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

बेर्मेट सगळ्यांना सांगत सुटली, "बुरुल तिसरी आली!"

सासूबाईंनी तिचा कान धरला, हलकेच. "बुरुल मी म्हणायचं. तू आई म्हणायचं. आणि मला मोठी आई. तीन महिने सांगतेय या पोरीला."

मांस गरम झालं, सगळे बसले. मला राहवलं नाही. त्यांच्या पेल्यात चहा ओतताना विचारलं, "आई, मग बेर्मेटला कधी नेणार?"

"कुठे?"

"तोसोरला."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणून तू एवढे दिवस माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघत होतीस? अगं, गाय देऊन टाकली मी. बाजूच्या खोलीत शेगडी लावून घेतली. मीच राहायला आलेय."

"पण तुम्ही म्हणाला होतात, दोरा कापल्यावर बघू."

"ते हिचं तोंड बंद करायला." हनुवटीने काकूकडे दाखवलं. काकू हाड चोखत होती, तिने ऐकलं नाही.

"आणि ती छोटी गादी?"

"मी तरी कुठे मोठी आहे?" सासूबाई म्हणाल्या. तालाय एवढा हसला की त्याला ठसका लागला. त्याला सगळं ठाऊक होतं म्हणे. मग बोलला का नाहीस, तर म्हणाला, मला वाटलं तुलाही ठाऊक आहे. त्याला आठवडाभर बिनदुधाचा चहा मिळेल.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

नासिपाताई दोन दिवस जास्त राहिली. आज सकाळी गेली. जाताना दारात सासूबाईंच्या कोटाची वरची गुंडी लावत होती, आणि त्या लहान मुलीसारख्या मान वर करून उभ्या होत्या. बस सुटेल म्हणून मी हाक मारणार होते. नाही मारली.

मला आज सुट्टी. दुपारी माझ्या आईला फोन केला, तिलेकचा दोरा मी कापला हे सांगायला. तिने उचलला आणि मी म्हणाले, "आई."

मग तिने विचारलं, "कोण बोलतंय?"

"मी, बुरुल."

"हो," ती म्हणाली. "हो, हो. बोल, ऐकतेय." दोघींना नीट बोलायला जरा वेळ लागला. मग खूप बोललो. तिने शेवटी विचारलं, "उद्या पुन्हा करशील का फोन?" करणार आहे.

पाळणा पुसायला काढला होता. तिलेक आता त्यात फार दिवस मावणार नाही. गादी उचलली, उशी उचलली, आणि ते निळं फडकं हातात आलं. उलगडलं तर त्याला बाह्या होत्या. माझा स्वेटर. कोपरावर मीच घातलेलं रफू. मला वाटलं होतं सासूबाईंनी स्वतःला घेतला. आणि तिलेक रोज दोन तास त्यात नाक खुपसून माझी वाट बघत होता.

लाळेने, दुधाने कडक झालाय. धुवायच्या ढिगात टाकला होता. मग पुन्हा उचलला, अंगात घालून सबंध दुपार घरात वावरले, आणि संध्याकाळी न धुता पाळण्यात ठेवला. उद्या पहाटे पाचला निघायचंय.